सफरचंदांवरचे पिवळे डाग

हिरोसाकीच्या बागेत आम्ही वर्षभरासाठी भाड्याने घेतलेलं सफरचंदाचं झाड शेजारचं झाड घेतलेली मिकामीबाई लुटते, असं आमच्या ह्यांनी ठरवूनच टाकलं होतं. म्हणून उन्हाळ्यात हे मागच्या फाटकातून गुपचूप शिरले आणि हिरव्या फळांवर गोल चिकटपट्ट्या लावून आले. पट्टीखाली लाली चढत नाही. आता चोर सापडणारच!

आज लेकी-नातवंडांसह तोडणीला गेलो. उन्हाळ्यात नसलेल्या नावांच्या पाट्या मालकाने आता झाडांवर टांगल्या होत्या. आमच्या झाडावर डाग औषधालाही नव्हता. मिकामीबाईंच्या टोपलीत मात्र फळाफळावर पिवळट गोल!

"बघ! मी सांगत नव्हतो?" म्हणत हे तरातरा निघाले. मी वर पाहिलं. बाईंच्या झाडावर लटकलेल्या फळांवरही तेच गोल होते. मागून शिरून ह्या शहाण्याने झाडच चुकवलं होतं. मी बाही ओढली, पण ऐकतील तर शपथ.

"बाई, ही खूण माझी आहे!"

मिकामीबाईंनी शांतपणे टोपली खाली ठेवली.

"या होरिउचीसाहेब. आमच्या झाडाला उन्हाळ्यात कोण हात लावून गेलं, त्याचीच वाट बघत होते."