श्रीकांतकाकांची शिकवणी

श्रीकांतकाकांनी दोन्ही हात सुप्रियाच्या कमरेवर ठेवले आणि तिथंच राहू दिले.

"अर्धाच स्विंग घे. कंबर मी धरून ठेवलीय, ती पळणार नाही. तू फक्त हात येऊ दे."

वेलदोड्याचा वास तिच्या डाव्या कानाजवळ आला. वेलदोड्याखाली सकाळच्या सिगरेटचा वास होता, आणि त्याच्याही खाली आणखी कसला तरी, बंद कपाटातल्या ओल्या कपड्यांसारखा. सुप्रियानं श्वास रोखला, गोल्फची स्टिक मागं नेली आणि आणली. बॉल टप्प करून उठला आणि समोरच्या झेंड्याच्या रोखानं सरळ गेला, पार मैदानाच्या टोकाला असलेल्या काळ्या खडकापर्यंत.

त्या आवाजानं तिला बरं वाटलं. बरं वाटलं याचीच मग शिसारी आली.

"बघितलंस?" शेजारच्या चटईवरून हेमंत म्हणाला. "एकदम सरळ गेला."

काकांचे हात निघाले. बॉल गेला तसे सरळ मात्र निघाले नाहीत, जाता जाता पाठीवरून, मग दंडावरून गेले, जणू काही त्यांना घाई नव्हती.

"नक्को काका, आता माझं मी करते," सुप्रिया म्हणाली.

"नक्को!" काका हसले. "हेमंतराव, ऐकलंत का? पुण्याचा नवरा केला, पण माहेरचा बरकतपुरा काही सुटला नाही पोरीचा. किती गोड म्हणते."

आणि हात परत कमरेवर आले.

आता हैदराबादेत नक्को न कळणारा माणूस दाखवा. रिक्षावाल्याला कळतं, बँकेतल्या साहेबाला कळतं, मराठीशी ज्याचा काडीचा संबंध नाही त्या इराणी चहावाल्यालाही कळतं. दिल्लीहून बदली होऊन आलेला माणूससुद्धा आठवड्याभरात नक्को नक्को करू लागतो. काकांचा तर जन्म इथल्याच नल्लकुंट्यातला. सरकारी नोकरीत मोठ्या हुद्द्यापर्यंत पोचून निवृत्त झालेले, चार भाषांतून भाषणं ठोकणारे. त्यांना तेवढा एकच शब्द गाण्यासारखा ऐकू येत होता.

हा क्लब शहराबाहेर, विकाराबादच्या रस्त्याला होता. हेमंतला त्याचं सदस्यत्व हवं होतं. नुसतं हवं होतं असं नव्हे, त्यानं ते डोक्यात घेतलं होतं. कंपनीतली वरची सगळी माणसं रविवारी इथं असायची, आणि सोमवारी ऑफिसात ज्या गोष्टी ठरल्यासारख्या दाखवायच्या त्या इथं आधीच ठरलेल्या असायच्या. हेमंतला बारा वर्षं हैदराबादेत काढूनही कुणी त्यांच्यात बसवून घेत नव्हतं. श्रीकांतकाका कमिटीवर होते. नव्या लोकांना हौसेनं शिकवायचे, आणि ते जे नाव सुचवतील ते कमिटी सहसा नाकारत नसे. पहिल्याच भेटीत त्यांनी सुप्रियाला ओळखलं. "अरे, ही तर आमच्या दत्तात्रय वकिलांची मुलगी. हिलाही आणा. जोडपं असलं की कमिटीला बरं वाटतं."

सुप्रिया काही भित्री बाई नव्हती. कॉलेजात शिकवायची, मागच्या बाकावरच्या टारगट पोरांना एका नजरेत गप्प करायची. ऐन विशीत काचीगुड्याच्या बसमध्ये एकानं अंगचटीला येऊन पाहिलं, तेव्हा तिनं टाच त्याच्या पायावर अशी काही रोवली की तो पुढच्या स्टॉपला लंगडत उतरला. पण त्या माणसाला ती काका म्हणत नव्हती. इथं एकदा काका म्हणून बसली होती आणि तो शब्द तिच्याच घशात अडकला होता. काका म्हटलेल्या माणसाच्या पायावर टाच कशी देणार? स्वतःचाच राग यायचा. घरी गेल्यावर ती आधी न्हाणीघरात शिरायची आणि कमरेला साबण लावून लावून तिथली कातडी हुळहुळायला लागायची.

त्या रविवारी परतताना गाडीत तिनं सांगून टाकलं.

"हेमंत, ते शिकवत नाहीत. धरतात."

"धरतात म्हणजे?"

"म्हणजे धरतात. तुला मराठी कळतं ना."

हेमंतनं आरशात बघितलं, लेन बदलली. "अगं, स्विंग तसाच शिकवतात. सगळीकडे. कंबर सुटते तुझी, म्हणून बॉल उजवीकडे पळतो. ते धरल्याशिवाय कळत नाही."

"तुला धरतात?"

"माझा प्रॉब्लेम खांद्याचा आहे," हेमंत अगदी गंभीरपणे म्हणाला. "खांदा छडीनं दाखवता येतो."

सुप्रियानं त्याच्याकडे वळून बघितलं. तो चेष्टा करत नव्हता.

"आणि तुझ्या बाबांचे मित्र आहेत ते. मुलीसारखी मानतात तुला."

"मित्र नव्हते. तोंडओळख होती."

"तेच गं. उगाच डोक्यात घेऊ नकोस. असं काही नाहीये." मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "शॉट बघ ना तुझा. महिन्याभरापूर्वी काय होतं आणि आज काय आहे."

बुधवारी तिनं पुन्हा काढलं. हेमंत डायनिंग टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. मान वर न करता म्हणाला, तू फार ताणतेस, सुप्रिया. एवढं वाटत होतं तर तिथल्या तिथं बोलायचं. तिथल्या तिथं ती बोलली होती, आणि त्यावर तो हसला होता, काकांच्या हसण्यात हसणं मिसळून, धाकट्यानं हसावं तसं. ते ती त्याला म्हणाली नाही. तिनं आमटी गरम करायला ठेवली आणि ती उतू जाईपर्यंत तिथंच उभी राहिली.

पुढच्या रविवारी ऊन चांगलंच होतं. काका पांढऱ्या टोपीत, पांढऱ्या बुटांत, हातात ती बारीक वेताची छडी घेऊन हेमंतसमोर दोन हात अंतरावर उभे होते. छडीचं टोक हेमंतच्या खांद्याला टेकवून म्हणाले, "हा इथं. हा आधी उघडू द्यायचा नाही." हेमंतनं मान डोलावली. पुढच्या बॉलला पुन्हा छडी, पुन्हा टोक. अंगाला बोट म्हणून लागलं नाही. शिकवायची हातोटी होती माणसाकडे, नाही कोण म्हणतंय. हेमंतचे बॉल वाकडे जायचे ते बऱ्यापैकी नीट जाऊ लागले.

मागं बाकावर क्लबातली तीन-चार माणसं चहा पीत बसली होती. त्यांच्यातल्या एका डॉक्टरांची बायको, अनुराधा, सुप्रियाच्या थोडी ओळखीची झाली होती.

"चला, आता आमच्या पोरीकडे बघू," म्हणत काका वळले. छडी त्यांनी बाकाला टेकवून ठेवली.

सुप्रियानं ती उचलून त्यांच्यापुढं धरली. "काका, मलाही हिनंच दाखवा."

"अगं, कमरेचं छडीनं कळत नाही." काकांनी बाकाकडे बघून डोळे मिचकावले. "त्यातून बायकांना तर नाहीच नाही."

बाकावरचे दोघं हसले. हेमंतही हसला. अनुराधानं कपात बघितलं.

 सुप्रियाचा आवाज तिलाच नवल वाटावं इतका साधा निघाला.

"बरोबर आहे काका. मला आतून काही दिसतच नाही, त्यामुळं डोक्यात शिरत नाही. एकदा समोरून बघायला पाहिजे. हेमंत, तू माझ्या जागी उभा राहा. काका तुला धरून दाखवतील."

"मला कशाला?" हेमंत म्हणाला.

"तुझीही कंबर सुटतेच की. काका, सुटते ना?"

बाकावर सगळे बघत होते. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. शिकवणं ते शिकवणं.

"या, हेमंतराव," ते म्हणाले.

हेमंत चटईवर पाय फाकून उभा राहिला. काका त्याच्या मागं गेले आणि दोन्ही हातांची बोटं त्याच्या पट्ट्याला कशीबशी लावली.

"असं नाही काका," सुप्रिया म्हणाली. "माझ्या वेळी तुम्ही जवळ असता. अजून पुढं."

काका अर्धं पाऊल सरकले.

"आणि हात असे वर नसतात. खाली असतात. हाडाच्याही खाली. बोटं पुढं येतात."

कुणीतरी कप बशीत ठेवला. काकांचे हात खाली सरकले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि त्यांची नजर खडकाकडे होती.

"हनुवटी," सुप्रिया म्हणाली. "हनुवटी खांद्यावर असते तुमची. आणि बोलता तुम्ही. कानात. काय बोलता तेही बोला, म्हणजे हेमंतला कळेल."

काकांनी हनुवटी टेकवली का नाही कुणास ठाऊक. त्यांचं तोंड हेमंतच्या कानाजवळ आलं आणि ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सैल सोड. अंग सैल सोड."

हेमंत उडालाच. स्टिक हातातून पडली, तो दोन पावलं लांब जाऊन उभा राहिला आणि हातानं मान पुसू लागला. चेहरा असा झाला होता की बाकावर कुणी हसलं नाही. मग त्याचं त्यालाच काहीतरी कळलं आणि त्यानं हसू आणायचा प्रयत्न केला.

"सॉरी सर. सॉरी. मला गुदगुल्या होतात."

"होतात काहींना," काका म्हणाले. त्यांनी घड्याळात बघितलं आणि कुणीतरी वाट बघत असल्यासारखे क्लबहाऊसकडे निघून गेले. छडी सुप्रियाच्याच हातात राहिली. तिनं ती बाकाला टेकवून ठेवली. अनुराधा थोडी सरकली आणि तिला बसायला जागा करून दिली, पण सुप्रिया बसली नाही.

परतताना गाडी हेमंतच चालवत होता. एसी पूर्ण चालू होता. त्यानं समोरच्या डब्यातून टिश्यू काढला, मानेवरून, कानामागून फिरवला, चोळामोळा करून दाराच्या कप्प्यात टाकला. आणखी एक काढला. सुप्रिया बघत होती. तिला त्याची दया येत होती, खरंच येत होती, आणि दयेबरोबर एक हलकेपणाही. चला, एवढ्यानं का होईना, कळलं. दोनदा सांगून जे डोक्यात गेलं नाही ते अर्ध्या मिनिटात त्याच्या कातडीनं त्याला सांगितलं होतं. आता हा बोलेल. गाडी वळवून परत गेला तरी चालेल, नाही गेला तरी चालेल, पण बोलेल.

मेहदीपट्टणमच्या सिग्नलला गाडी थांबली.

"नालायक आहे म्हातारा," हेमंत म्हणाला.

सुप्रियानं डोळे मिटले.

"दर रविवारी असंच करतो?"

"हौ."

"असंच? म्हणजे... एवढं?"

"आज तर लाजत होते. सगळे बघत होते ना."

हेमंतनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. त्याचा जबडा हलत होता. "मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "शप्पथ. मला वाटलं तू उगाच..." पुढचं तो गिळून गेला. मग म्हणाला, "किळसवाणं आहे. उलटी येईल असं झालं मला."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि सीटवर त्याच्याकडे वळून बसली. कितीतरी दिवसांत ती अशी बसली नव्हती. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावा असंही तिच्या मनात आलं.

हेमंत समोरच्या बसच्या पाठीकडे बघत राहिला. सिग्नलचे आकडे उतरत होते.

"आजचं सर मनात ठेवणार," तो जरा वेळानं म्हणाला. त्याचा आवाज आता वेगळा होता, फोनवर ऑफिसचं बोलतानाचा. "मी संध्याकाळी फोन करून सहज बोलून ठेवतो. म्हणेन, सुप्रियाचा थट्टेचा स्वभाव आहे. कमिटी काय, पुढच्या महिन्यात बसतेय. एकदा आपलं नाव आत गेलं की तू त्या मैदानावर पाऊलसुद्धा टाकू नकोस. मीच टाकू देणार नाही. पण आत्ता एकदम यायची बंद झालीस तर ते दिसतं गं. तेवढा एक महिना आपण कळ काढू या."



"आपण म्हणजे कोण?" सुप्रियानं विचारलं.

सिग्नल सुटला. मागून हॉर्न सुरू झाले, एकावर एक. हेमंतनं गिअर टाकला, गाडी पुढं घेतली, आणि डावा हात लांबवून डब्यातून आणखी एक टिश्यू ओढला. मान केव्हाच कोरडी झाली होती. तरी तो पुसत होता.