गाडीत काय नाही, याचा दाखला

बाबा गेल्यावर ताईने घर ठेवलं आणि धाकट्याने गाडी मागितली. गाडी बाबांच्या लग्नाच्या वर्षीची होती आणि धाकटा समुद्रापलीकडे दातांचा डॉक्टर होता.

"तिकडे गाड्या मिळत नाहीत का रे?" ताईने विचारलं. पण पाठवली.

गाडी बंदरात पोचली आणि तिथेच ठाण मांडून बसली. माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंट बाईंनी धाकट्याला बोलावून घेतलं.

"जुन्या गाड्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ब्रेकमध्ये, क्लचमध्ये. त्याची धूळ फुफ्फुसात जाते, म्हणून इथे बंदी आहे."

"आमच्या गाडीत नाही."

"तसं लिहून द्या."

"दिलं."

"असं नाही. पुराव्यासकट."

नसलेल्या वस्तूचा पुरावा आणायचा कुठून? धाकट्याने ताईला फोन केला. ताई बाबांच्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेली. त्याने गाडी पाठवण्याआधी झिजणारं सगळं स्वतः बदललं होतं. त्याने लेटरहेड काढलं, 'गाडीची प्रकृती उत्तम असून ती प्रवासास योग्य आहे' असं लिहिलं आणि शिक्का मारला.

तपासणी अधिकाऱ्याने तो दाखला दोनदा वाचला, फाईलला लावला आणि गाडी खोलायला सांगितली.

पांढरे झगे आणि मास्क घातलेल्या दोघांनी बारा नमुने काढले. अकरा स्वच्छ निघाले. बाराव्यात अ‍ॅस्बेस्टॉस निघालं. अधिकाऱ्याने फोटो पुढे सरकवला. डाव्या सीटच्या पुढ्यात, इंजिनाला लागून, एक राखाडी नागमोडी तुकडा होता.

"हा कुठला भाग? कंपनीच्या पुस्तकात सापडत नाही."

धाकट्याने लगेच ओळखलं. "न्हाणीघराच्या छपराचा सिमेंटचा पत्रा आहे."

"छपराचा," अधिकाऱ्याने लिहून घेतलं. "मूळचा, की नंतर बसवलेला?"

संध्याकाळी ताईने फोनवर उलगडा केला. "इंजिनाच्या झळीने आईचे पाय भाजायचे. बाबांनी उरलेला पत्रा करवतीने कापून बसवला. एक टोक मी धरलं होतं. त्या धुळीने नखशिखांत पांढरी झाले होते. आई हसून हसून बेजार."

धाकटा गाडीबद्दल एक शब्दही न बोलता म्हणाला, "ताई, उद्या छातीचा एक्स-रे काढून घे."

"काहीतरीच! साठी उलटली माझी."

"काढ म्हणतो ना."

पुढचे पाच दिवस त्याने बंदरातून आलेला एकही फोन उचलला नाही. सहाव्या दिवशी ताईचा रिपोर्ट आला. छाती स्वच्छ होती. वर्षातून एकदा तपासणी करा, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. धाकट्याने तो तीनदा वाचला, मग बायकोला वाचायला लावला. ती म्हणाली, "चांगलं आहे की. रडतोयस कशाला?"

पत्रा दोन पिशव्यांत सीलबंद होऊन नष्ट झाला. ते लिहून कळवणारं पत्र आलं आणि गाडी सुटली.

दोन महिन्यांनी ताई आली. बॅग आत न नेताच गाडीकडे गेली, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मागचं दार उघडून बसली.

"पुढे ये की," धाकटा म्हणाला.

"पुढे आई बसायची. मी इथेच बसते," ताई म्हणाली आणि तिने काच खाली घेतली. "चल. आणि हळू चालव."