पडदा बदलला तेव्हा

“ताई, वरचं सारं कुठी गेलं?”

अंजू पडद्यावरचा बाण वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन पुन्हा पुन्हा टिचकी मारत होती. काही उघडत नव्हतं. शेजारच्या दीपाचंही तेच चाललं होतं. खोलीतल्या सगळ्याच कॉम्प्युटरांचं रूप एका रात्रीत पालटलं होतं. वरची ओळखीची पट्टी जवळजवळ रिकामी होती आणि डाव्या कडेला चौकोनी चित्रांची एक उभी रांग आली होती, आठवडी बाजारात दुकानं मांडावीत तशी.

विमलताई खोब्रागडे दारातच थबकल्या. मग चप्पल काढून आत आल्या, अंजूच्या हातातून माउस घेतला आणि स्वतः त्याच कोपऱ्यात टिचकी मारली. हात सवयीनं तिथंच गेला. काही झालं नाही. मुली त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

पांढरकवड्यातल्या विहारामागच्या या खोलीत पूर्वी शिवणवर्ग होता आणि विमलताई तिथं शिवण शिकवत. तयार कपडे स्वस्त झाले, शिलाईची कामं आटली, मशीनं एकेक करून बंद पडली. तेव्हा इंद्रजीत जाधव नावाच्या, पुसदकडच्या बंजारा तांड्यावरून शिकून नागपुरात नोकरीला लागलेल्या माणसानं कुठून कुठून जुने कॉम्प्युटर गोळा करून आणले. विकतचं काही परवडणार नाही म्हणून त्यांत त्यानं लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. शिकायला सुरुवातीला बरेच जण बसले. कपाशीची वेचणी सुरू झाली आणि एकेक गळाला. शेवटी विमलताई तेवढ्या उरल्या. त्यांचं वय तेव्हा चाळिशीच्या पुढं गेलेलं होतं, इंग्रजी दहावीपुरतं. पण कापडावर खडूनं रेघ ओढणारा त्यांचा हात स्थिर होता आणि एकदा बसलेलं त्या विसरत नसत.

शिकल्या तशाच त्यांनी शिकवलं. वर डाव्या कोपऱ्यात जायचं, उघडायचं, खाली उतरायचं, शेवटून तिसऱ्या दारात थांबायचं, उजवीकडे वळायचं, तिथं लिहायचं पान. मुली हे जात्यावरच्या ओवीसारखं म्हणत आणि सगळ्यांचे बाण एकदमच त्या वाटेनं जात. बाहेरून कुणी पाहायला आलं की विमलताईंना त्या वेळी फार बरं वाटायचं. या खोलीतून बाहेर पडलेल्या मुलींपैकी कुणी पंचायतीत बसत होती, कुणी झेरॉक्सच्या दुकानात. लाल्या रोगानं कपाशी वाळलेल्या घरांतून आलेल्या मुली होत्या त्या. त्यांच्या हातावर बोंडाचे ओरखडे असत आणि तेच हात दुपारी कीबोर्डवर फिरत.

आणि आता एका नोकरीची परीक्षा तोंडावर होती. यवतमाळच्या एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायला मुली हव्या होत्या. चार जणींची नावं विमलताईंनीच पाठवली होती.

त्यांनी इंद्रजीतला फोन लावला. तो म्हणाला, रविवारी येऊन मीच नवं टाकलं. दवाखान्यातल्या मशीनवरही हेच असणार, म्हणून मुद्दाम. तुम्हाला सांगितलं होतं की, थोडंसं बदलेल. ते थोडंसं म्हणजे एवढं, हे विमलताईंना उमगलं नव्हतं. पुढं तो पुष्कळ काही सांगत होता, पण फोनवर ऐकून पडद्यावर काही सापडेना. जुनं परत आणता येईल का, असं त्यांनी विचारलं. येईल, तो म्हणाला, पण मग परीक्षेत मुली अडतील.

त्या दिवशी त्यांनी वर्गाला सुट्टी दिली. असं कधी झालं नव्हतं. मुली गुपचूप दप्तरं उचलून गेल्या. अंजू सगळ्यांत शेवटी गेली. जाताना तिनं काही विचारलं नाही, याचं विमलताईंना जास्त लागलं.

दुपारभर त्या एकट्या बसल्या. एक चित्र दाबलं की भलतंच उघडे, दुसरं दाबलं की आधीचं नाहीसं होई. आपण मशीन मोडलं की काय, या धास्तीनं त्यांनी दोनदा वीज बंद करून पुन्हा लावली. संध्याकाळी घरी निघाल्या तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं की इंद्रजीतला सांगावं, एखादी शिकलेली पोरगी बघ, माझ्यानं आता होत नाही.

त्यांचं घर पुनर्वसनाच्या वस्तीत होतं. जुनं गाव धरणाच्या पाण्यात गेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. नवऱ्याचं, बळीरामचं, कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामाचं काम चालू होतं. तो यायचा होता. सासू कांताबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या. सुनेचा चेहरा पाहून त्यांनी विचारलं आणि विमलताईंनी चहा होईपर्यंत सगळं सांगितलं. कॉम्प्युटर कांताबाईंना काही कळत नव्हता, पण सगळ्या वस्तू जागेवरून हलल्या एवढं कळलं.

“हे तं आपल्या गावावानीच झालं,” त्या म्हणाल्या. “इथी आलो तवा मले पह्यलं वरीस कोनाचंच घर सापडे नाई. साऱ्या गल्ल्या सारख्या, सारी दारं सारखी. एक दिवस मी परक्याच्या घरात जाऊन बसली होती, पानी मागतलं बी.”

“मंग कसं जमलं, आत्या?”

“कायचं जमते? घर हुडकनं सोडलं. चौकात उभं राहाव अन् नाव घ्याव. शेवंता कुठी राह्यते? कोनीबी दाखवते.”

विमलताई हसल्या आणि स्वयंपाकाला लागल्या. त्या वेळी त्यांना त्यात वेगळं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच, मुली यायच्या आत, त्यांनी खोली उघडली. बराच वेळ माउस न धरता नुसत्या कीबोर्डकडे पाहत राहिल्या. बोटांनी बहुतेक कळांवरची अक्षरं पुसट झाली होती. एक कळ मात्र कोरी करकरीत होती. डावीकडे खाली, खिडकीचं चिन्ह असलेली ती कळ त्यांच्या वर्गात कधी कुणी दाबलीच नव्हती. त्यांनी ती दाबली. पडदा अंधारला आणि मध्ये लिहायला एक रिकामी जागा उघडली. रेघ लुकलुकत होती. काय लिहावं हे कळेना. तेवढ्यात त्यांना सासूबाई आठवल्या, नव्या वस्तीच्या चौकात उभ्या राहून शेवंताबाईचं नाव घेणाऱ्या.

लिहायच्या पानाचं नाव काय? इतकी वर्षं त्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, पण नाव घ्यायची वेळ आली नव्हती. उघडल्यावर वर काहीतरी लिहिलेलं असायचं. रायटर. एकेक अक्षर शोधत त्यांनी ते लिहिलं. पुरतं व्हायच्या आतच खाली चित्र उमटलं. त्यांनी टिचकी मारली आणि ओळखीचं पांढरं पान समोर आलं.

विमलताईंनी पदरानं तोंड पुसलं. मग त्या उठून विहिरीकडे गेल्या, पाणी प्यायल्या आणि परत येऊन तेच पुन्हा करून पाहिलं.

वर्ग भरला तेव्हा अंजू नव्हती. दीपानं सांगितलं, तिच्या बापानं येऊ नको म्हटलं. विमलताईंनी बाकीच्या मुलींना समोर बसवलं आणि आधी एक गोष्ट सांगून टाकली, की मलाही हे नवीन आहे, आपण सगळ्या आजपासून एका बाकावर. मग प्रत्येकीला त्यांनी ती कोरी कळ दाखवली. पण मुली तिथंच अडल्या. नावं त्यांनाही ठाऊक नव्हती. एक म्हणाली लिहायचं, दुसरी म्हणाली चौकटीचं, तिसरी म्हणाली शेवटून तिसरं. ते ऐकून विमलताई खुर्ची ओढून त्यांच्यात बसल्या.

“मी तुमाले वाट शिकवली, बायांनो,” त्या म्हणाल्या. “कोनाच्या घरी चाललो ते नाईच सांगतलं.”

दुपारी त्या अंजूच्या तांड्यावर गेल्या. अंजूचा बाप धरमसिंग राठोड अंगणात वेचलेल्या कपाशीतला पालापाचोळा काढत होता. ढीग लहान होता. त्यानं खाट टाकली, पाणी दिलं, बसायला सांगितलं. अंजू आत होती. तो कडक माणूस नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी बोलणं जड होतं. तो म्हणाला, पोरीसाठी उमरखेडकडचं एक स्थळ आलं आहे, माणसं बरी आहेत. शिकली तेवढं पुरे झालं.

“पोरगी म्हने, मशीन बदललं,” तो म्हणाला. “नवं हाये ते चांगलं हाये म्हनून सांगून राह्यले. ताई, आमाले बी बियानं बदलून देल्लं होतं. चांगलं हाये म्हनूनच सांगतलं होतं.”

विमलताईंनी समोरच्या कपाशीकडे पाहिलं. सरकी बारीक, धागा आखूड, पांढऱ्यात पिवळट झाक. इंद्रजीत फोनवर नवं चांगलं आहे असंच सांगत होता, आणि तेच इथं सांगायला त्यांची जीभ धजेना.

“मी चांगलं हाये म्हनून सांगाले नाई आली, भाऊ,” त्या म्हणाल्या. “चांगलं का वाईट, मले अजून मालूम नाई. पन काल मले जे येत नव्हतं ते आज येऊन राह्यलं. परीक्षेवरी अंजूले पाठवा. तिले नाई जमलं तं मी सोता येऊन सांगीन तुमाले. मंग तुमच्या मनासारखं करा.”

धरमसिंगनं हातातला कापूस ढिगावर टाकला. आत पाहून त्यानं गोरबोलीत, बंजाऱ्यांच्या भाषेत, काहीतरी विचारलं. आतून अंजूनं एका शब्दात उत्तर दिलं. तो विमलताईंना म्हणाला, सकाळी पाठवतो.

पुढचे दिवस वर्ग निराळाच चालला. ओवी बंद झाली. विमलताई एखादं काम सांगत, आणि ते कुठं आहे हे न सांगता थांबत. मुलींनी हुडकायचं, चुकायचं, उघडलेल्या वस्तूच्या माथ्यावरचं नाव वाचायचं, ती काय काम करते ते एकमेकींना सांगायचं. सुरुवातीला गोंधळ झाला. मुली चिडल्या, एकीला रडू आलं. विमलताईही चुकत, आणि चुकल्या की मुलींसमोरच चुकत. शिवणवर्गात त्यांनी कधी उलटी बाही लावली नव्हती. इथं रोज लावत होत्या आणि रोज उसवत होत्या. अंजू बोलायची कमी, पण एकदा तिनं आपणहून एक बंद पडलेलं काम सुरू करून दाखवलं आणि मग शेजारणीकडे सरकून तिलाही दाखवलं. विमलताई त्या वेळी दुसऱ्या टोकाला उभ्या होत्या. त्या तिथंच उभ्या राहिल्या, जवळ गेल्या नाहीत.

परीक्षेच्या दिवशी त्या चौघींना घेऊन पहिल्या एसटीनं यवतमाळला गेल्या. दवाखान्यात गेल्यावर कळलं की परीक्षा तिथं नाही. जागा अपुरी म्हणून गावातल्या एका कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये ठेवली होती. विमलताईंनी दारातून आत डोकावलं. तिथली मशीनं तिसऱ्याच पद्धतीची होती. ना जुनी पट्टी, ना डावीकडची रांग. त्या इंद्रजीतला फोन करणार होत्या, पण दार लागलं.

बाहेर कडुलिंबाखाली त्या बसून राहिल्या. दुसऱ्या गावांहून आलेले बाप, भाऊ आसपास उभे होते. कुणीतरी भेळ वाटून खात होतं, त्यांनाही देऊ केली. त्यांनी घेतली आणि हातातच धरून ठेवली.

अंजू बाहेर आली तेव्हा तिच्या तोंडावरून काही कळेना. रस्त्यावर आल्यावर तीच म्हणाली, “लिहायच्या पानाचं नाव तिथी दुसरं होतं, ताई. मी सारी नावं वाचली. त्यातून वळखलं.”

“भेव वाटलं?”

“वाटलं. मंग वाचाले लागली तं नाई वाटलं.”

आठवड्यानं निकाल लागला. अंजू आणि दीपा निवडल्या गेल्या, दोघींचं राहिलं. त्या दोघी पुन्हा वर्गात येऊन बसल्या आणि विमलताईंनी त्यांना नव्या मुली शिकवायला दिल्या. इंद्रजीतनं फोन करून फार कौतुक केलं. बळीरामनं जिनिंगमधून येताना पेढे आणले. स्थळाचं काय झालं हे विमलताईंनी धरमसिंगला विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. कुणाकडून तरी त्यांच्या कानावर आलं की त्यानं माणसांना वर्षभर थांबायला सांगितलं आहे, थांबले तर ठीक.

अंजू पेटी घेऊन यवतमाळला गेली, त्याच दिवशी दुपारी धरमसिंग वर्गात आला. तिला एसटीत बसवून तो परत फिरला होता. मुली जेवायला गेल्या होत्या. दारात उभा राहून त्यानं पागोटं नीट केलं आणि विचारलं, पोरगी कुठं बसायची?

विमलताईंनी भिंतीकडची खुर्ची दाखवली. त्यांनी मशीन चालू करून दिलं. धरमसिंग खुर्चीत बसला. हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले होते. पडदा उजळला, डावीकडे चित्रांची रांग आली. तो एकेका चित्राकडे पाहत गेला, वरून खाली, सावकाश. विमलताईंना वाटलं तो काही विचारेल. त्या जवळच उभ्या राहिल्या.

बराच वेळ कुणी काही दाबलं नाही, तेव्हा पडदा आपोआप काळा झाला. धरमसिंग तरी बसूनच होता. मग तो उठला, खुर्ची उचलून टेबलाखाली जशी होती तशी सरकवली, आणि आपल्या कपड्यांवरून तिच्या बैठकीवर चिकटलेली कापसाची एक बारीक तार चिमटीत घेऊन बाहेर गेला.