टॉवेल-टोपी

तनुजानं बापाला दुकानात बोलावून घेतलं, ते पगार वाढवून मागायला. आता म्हणाल, पगार पोरीचा, मग मागायला बाप कशाला? तर तिथंच खरी गोम आहे.

पुंडलिकनगरातलं ते साड्यांचं दुकान काकासाहेबांचं, आणि काकासाहेब पडले भावकीतले. तनुजा बारावी होऊन तिथं लागली होती. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाइकापुढं ढीगभर साड्या उलगडायच्या, बाई "नंतर येते" म्हणून निघून गेली की पुन्हा घड्या घालायच्या. बसायला स्टूल नाय. जसं काय पोरी लाकडाचे पाय घेऊनच आल्या होत्या!

मागं तिनं हिय्या करून पगाराचा विषय काढला, तर काकासाहेब हसले. "अगं, तू घरची लेक. लेकीशी का कुणी पैशाचं बोलतं? तुझ्या बापाला, बद्रीदादाला पाठव. आम्ही भाऊ-भाऊ बघू."

खरं तर तनुजाला स्वतःसाठी छदामही नको होता. धाकट्या रेवतीचा यंदा नर्सिंगला नंबर लागला होता. दोघी बहिणी इथंच शहरात, मुकुंदवाडीत एका खोलीत राहायच्या. गावाकडं, खुलताबादच्या अंगाला, विहिरींनी कधीच तळ गाठला होता. बापाकडून काय येणार, धूळ? पगार थोडा वाढला तरच फीचे हप्ते जमणार होते, आणि पहिला हप्ता, वाढीव पगारावर उचल घेऊन का होईना, शनिवारपर्यंत भरायचा होता.

बद्रीनाथ शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आला. रिक्षात तनुजानं त्याच्याकडून पाठच करून घेतलं.

"आबा, काय म्हणायचं?"

"पगार वाढवा म्हणायचं."

"आन् गोड बोलून टाळलं तर?"

"तर पुन्हा म्हणायचं. मी काय कुकुलं बाळ हाय का?"

काकासाहेब मोठा बेरकी माणूस. बद्रीनाथला पाहताच गादीवरून उठले आणि सगळ्या नोकरांदेखत त्याच्या पाया पडले. पोहे आले, चहा आला. हाताला धरून वरचा नवा मजला दाखवला. "गावं ओस पडली दादा, आन् इथं बघा, बायपासपर्यंत घरंच घरं. गिऱ्हाईक मावत नाय." मग भर दुकानात बद्रीनाथच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, वहिनीसाठी म्हणून साडी हातात दिली.

झालं! ज्या माणसाला दुष्काळात भावकीतलं कुणी 'बस' म्हणालं नव्हतं, त्याचा चारचौघांत मान झाला. आहेर घेतलेल्या हातानं मागायचं कसं? आमच्याकडं माणूस उपाशी मरंल, पण टॉवेल-टोपी करणाऱ्यापुढं हात पसरायचा नाय. तनुजा काउंटरमागून खुणावत होती. बापानं तिकडं बघितलंच नाय.

"बोला दादा, काही काम होतं म्हणे?"

"नाय, नाय. काम कसलं? पोरगी तुमच्या पदरात हाय, लई उपकार." बद्रीनाथचे डोळे भरून आले होते. एवढ्या मानाची परतफेड करायलाच हवी, आणि द्यायला त्याच्याकडं होतं तरी काय? "वरच्या मजल्याला माणसं लागतील ना? धाकटीबी तुमचीच लेक. सोमवारपासून धाडतो."

"आन् पगाराचं?" काकासाहेबांनी हळूच विचारलं.

"तुम्ही द्याल ते."

तनुजाच्या हातातली साडी गळून पडली. ओरडावं, बापाला तिथंच खोटं पाडावं, असं तिच्या अगदी ओठावर आलं. पण बापानं शब्द दिलेला, तोही भावकीत. तो मोडला तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. ती वाकली, साडी उचलली आणि घडी घालू लागली.

स्टँडवर बद्रीनाथ खुशीत होता. "दोघी संगं राहताल. माझा घोर मिटला."

"आबा, तिच्या शिक्षणाचं काय?"

"शिकून नोकरीच करायची ना बाई? आता आयतीच भेटली."

त्याला काय बोलणार, कपाळ! तिनं त्याला गाडीत बसवून दिलं.

संध्याकाळी रेवती गल्लीत टँकरपाशी रांगेत उभी होती. ताईला पाहताच लांबूनच ओरडली, "काय झालं गं?"

"सोमवारपासून तुला लवकर उठावं लागंल."

रेवतीनं टाळीच वाजवली. शेजारच्या पारूबाईंना म्हणाली, "बघा काकू, म्हणलं नव्हतं का? माझी ताई काम करूनच येईल!"

पारूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. रांगेतल्या बाया कौतुकानं बघू लागल्या. आता हिला सांगायचं कसं? पण सांगावं लागलंच.

"कॉलेजात नाय, रेवू. माझ्यासंगं, दुकानात."