चिकटपट्टीखालची कळ

मित्रांनो, मी एक जुनी कळ आहे. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, एस्केपच्या बरोबर खाली बसते. माझ्यावर एक बारीकशी तिरकी टिकली आहे. बघा, आत्ता तुमच्यातल्या निम्म्यांनी मान खाली घालून मला शोधलं असेल! असू दे. मला त्याची सवय आहे.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते मला ठाऊक नाही. आम्हा एकशे चार जणींना एका पाटावर बसवलं, खोक्यात घातलं, आणि खोकं उघडलं ते थेट कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या वसंत सरांच्या टायपिंग क्लासात. तिथे ए, एस, डी, एफ यांचा थाट काय विचारता! सकाळी सातपासून पोरं त्यांच्यावरच. माझ्याकडे चुकून करंगळी आली, की सर गरजायचे, "तिकडं काय काम हाय?"

एका वर्षी एका मुलाच्या पेपरात वीस टिकल्या पडल्या आणि त्याचे मार्क गेले. सरांनी दुसऱ्याच दिवशी क्लासातल्या सगळ्या कीबोर्डांवर माझ्या जागी चिकटपट्टी लावून टाकली. आठ वर्षं मी पट्टीखाली होते. वाईट वाटलं का? पहिले चार दिवस वाटलं. पुढे म्हटलं, जाऊ दे, चहाचे शिंतोडे तरी अंगावर पडत नाहीत.

पण सरांचं बघवत नव्हतं. सर सगळे पेपर हातानं तपासायचे. एकेक अक्षर मोजायचं, चूक दिसली की लाल गोल. या वर्षी त्यांचे डोळे अगदीच अधू झाले. ओळींवर ओळी चढायला लागल्या. एका शनिवारी ते शबनूरला म्हणाले, "पोरी, सोमवारच्या नव्या बॅचला नको म्हणून सांगतो. आता क्लास बंद करायचा."

शबनूर त्यांचीच विद्यार्थिनी, आता क्लासात शिकवायला मदत करते. ती म्हणाली, "सर, दोन दिवस थांबा की. पेपर तपासायचा प्रोग्रॅम केलाय मी. सोमवारी चालला न्हाय, तर घाला कुलूप."

प्रोग्रॅम चुका बरोबर मोजत होता. वेग मात्र असा दाखवायचा, की मिनिटाला तीस शब्द टाइप करणाऱ्या मुलाचे साडेसातशे! रविवारी दुपारपर्यंत शबनूरनं तीच ओळ शंभरदा वाचली. स्वतःची चूक स्वतःला कुठे दिसते? शेवटी तिनं इंटरनेटवरच्या, प्रोग्रॅम शिकणाऱ्यांच्या एका मराठी फोरमवर ती ओळ लिहून मदत मागितली.

आता गंमत ऐका. संगणकाला गुणाकार सांगायचा तर चांदणीचं चिन्ह लागतं. पण त्या फोरमवर दोन चांदण्यांमध्ये काही लिहिलं, की फोरम चांदण्या गिळतो आणि मधलं अक्षर तिरकं करतो. तिची ओळ इंग्रजीत होती, तुम्हाला मराठीत सांगते. तिनं लिहिलं अक्षरे, चांदणी, साठ, चांदणी, पाच, आणि पुढे भागिले सेकंद. लोकांना दिसलं 'अक्षरे६०५/सेकंद'!

मुरगूडच्या वल्लरीनं विचारलं, "हे सहाशे पाच कुठनं आणलंस?"

"सहाशे पाच न्हाय लिवलं मी!"

"मग गुणाकार कुठं हाय?"

"हाय की! डोळं हायत का न्हाय?"

दोघीही खरं बोलत होत्या, आणि दोघीही तापल्या होत्या. पट्टीखाली माझा जीव नुसता तळमळत होता. अगं बाई, मला दाब, मला! पण मला कोण विचारतंय?

थोड्या वेळानं वल्लरीच्याच डोक्यात प्रकाश पडला. तिनं लिहिलं, "अगं थांब, फोरमनं चांदण्या खाल्ल्या असतील. एस्केपच्या खालची टिकली ओळीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा दे. मग जसंच्या तसं दिसतंय."

शबनूरचा हात माझ्यावर येऊन थबकला. सरांची पट्टी! विचारल्याशिवाय काढायची कशी? तिनं हाक मारली, "सर, ही पट्टी काढू का? लई गरज हाय."

"आठ वर्षांत कुणाला गरज पडली न्हाय," असं पुटपुटत सर आले. पण त्यांनीच नखानं पट्टी सोलली. शबनूरनं मला दोनदा दाबलं. काय सांगू मित्रांनो, आनंदानं मी वर यायलाच विसरले, तिला टिचकी मारावी लागली.

आणि पडद्यावर ती ओळ आली: `अक्षरे*६०*५/सेकंद`. करड्या पट्ट्यावर, सुटी सुटी अक्षरं. आय असो की डब्ल्यू, प्रत्येकाला सारखीच जागा.

सर एकदम वाकले. "अगं, ही तर टाइपरायटरची अक्षरं! ही मला दिसत्यात की!" चाळीस वर्षं अशीच अक्षरं मोजलेला माणूस तो. पडद्याला बोट लावून, पेपर तपासावा तशी त्यांनी ती ओळ एकेक खूण मोठ्यानं वाचली. पाचावर बोट थांबलं.

"पाच अक्षरांचा एक शब्द धरतात ना टायपिंगमधी? मग पाचानं भागायचं असतंय. तू गुणलंस!"

शबनूरनं कपाळावर हात मारला. फोरमवरच्या लोकांना टायपिंगची ही रीत ठाऊक नव्हती, आणि हिला ठाऊक असून घाईत उलटं झालं होतं. तिनं पाचाच्या आधीची चांदणी काढून भागाकार घातला. साडेसातशेचे सरळ तीस झाले. मग तिनं वल्लरीची माफी मागितली. वल्लरीनं लिहिलं, "त्यात काय एवढं? मुरगूडला ये, जेवायला ये."

तेव्हा मित्रांनो, मदत मागताना आपलं म्हणणं समोरच्याला नीट दिसतंय का, तेवढं बघत जा. त्यासाठी मी कोपऱ्यात बसलेलीच आहे. अधूनमधून दाबत चला, न दाबलेली कळ आखडते.

सोमवारी नवी बॅच आली. प्रोग्रॅमची पहिली परीक्षा कुणी द्यायची? पोरं एकमेकांना ढकलायला लागली. सर स्वतः खुर्चीत बसले. शबनूर उतारा वाचत गेली, आणि सरांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि बोटं सोडली.

वेग बासष्ट. चुका शून्य.

सरांनी आकडा शबनूरकडून दोनदा वाचून घेतला. मग डोळे पुसत पोरांना म्हणाले, "बघताय काय? बसा जागेवर, क्लास सुरू झालाय."