आई लाल, बाप पांढरा

“व्हर्लिन, जरा बाजूला व्हा ना. माझा उजेड अडवताय.”

“मी कुंपणाच्या अलीकडे उभा आहे, पोरी. आणखी किती बाजूला होऊ? राज्य ओलांडून ओक्लाहोमात जाऊ?”

एरवी लोईस हसली असती, वर एखादं उत्तरही फेकलं असतं. आज तिला हसू आलं नाही. सकाळचे सहा वाजायचे होते, समोर लाल जास्वंदीची या वर्षीची शेवटची कळी होती आणि तिच्या उजव्या हातातली बारीक कात्री थरथरत होती.

फार नाही. बघणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही इतकीच. पण लोईसला ते मे महिन्यापासून ठाऊक होतं. पहिल्यांदा कॉफीच्या कपाची कड बशीवर वाजली तेव्हा तिने बशी बदलली, जणू दोष बशीचा होता. मग ती बशीशिवायच कॉफी प्यायला लागली. तिच्या बापाचंही असंच सुरू झालं होतं. आधी कप, मग शर्टाची बटणं, आणि शेवटी चमच्यातलं सूप तोंडापर्यंत पोचेना तेव्हा लोईसची आई त्याला भरवायची. बाप डोळे मिटून घ्यायचा, कोण भरवतंय ते दिसू नये म्हणून. अलीकडे लोईसला ते रोज आठवत होतं.

ही थंड मुलखातली जास्वंद हिवाळ्यात जमिनीसपाट मरते. मे संपत आला तरी तिचा पत्ता नसतो, नवखा माणूस मेली समजून उपटून टाकतो, आणि मग एक दिवस मुळातून लालसर कोंब वर येतात. जुलैत माणसाच्या उंचीचं झाड आणि त्यावर जेवणाच्या ताटलीएवढी फुलं. एक फूल एकच दिवस. लोईसकडे काळपट पानांची, लाल फुलांची होती. कुंपणापलीकडे व्हर्लिन श्टुकीकडे हिरव्या पानांची, पांढरीशुभ्र. काळपट पानांवर पांढरं फूल बघायचं, हे खूळ व्हर्लिनच्या डोक्यातलं. सहा वर्षं दोघं त्याच्या मागे होती. एकदा मधमाश्या आधी पोचल्या, एकदा बोंड धरलं ते सशाने खाल्लं, एकदा बी रुजलं पण रोपं हिवाळ्यात गेली. या वर्षी जूनच्या गारपिटीने लोईसचं झाड झोडपून काढलं. ही एवढीच कळी उरली होती, आणि व्हर्लिन ब्याऐंशी वर्षांचा होता.

“सावकाश कर,” व्हर्लिन म्हणाला. त्याच्या हातात त्याचं पांढरं फूल होतं, नुकतं तोडलेलं. “मला काही घाई नाही. म्हणजे आहे, पण आज सकाळपुरती नाही.”

कामाची पद्धत साधी, पण नाजूक. कळी उमलायच्या आत पाकळ्या सोलून काढायच्या, म्हणजे शेवटचं लाल फूल बघायचंही नाही. मग मधल्या दांड्यावरचे पुंकेसर फुटायच्या आत एकेक करून कापायचे. दांड्याच्या टोकाला पाच मखमली टिकल्या असतात, तिथे पांढऱ्याचा पराग लावायचा. वर कागदी पिशवी, खाली देठाला चिठ्ठी. झाडाचा स्वतःचा पराग त्या टिकल्यांवर पडला तरी बी धरतं, पण ते पोर एकट्या आईचं. त्यात बाहेरचं काही नाही.

गरमी फार होती. चार-दोन पुंकेसर आधीच फुटायला आले होते. लोईसने श्वास रोखला, मनगट डाव्या हाताने धरलं आणि कात्री आत घातली. अर्धे पुंकेसर नीट निघाले. मग हाताला झटका बसला, कात्रीचं टोक दांड्यावर आपटलं आणि पिवळी भुकटी उडाली.

पाचातल्या दोन टिकल्यांवर ती बसली. लोईसला ती स्वच्छ दिसली. फुंकून जात नाही, पुसून जात नाही. तिने उरलेले पुंकेसर कापले आणि काहीच घडलं नसल्यासारखा हात पुढे केला.

“द्या तुमचं फूल.”

व्हर्लिनने कुंपणावरून फूल दिलं. तिने ते पाचही टिकल्यांवर फिरवलं, जरा जास्तच फिरवलं.

“झालं?”

“झालं.”

“स्वच्छ?”

“स्वच्छ,” लोईस म्हणाली. मग खिशातून चिठ्ठी काढून तिने पेन्सिलीने लिहिलं, आई लाल, बाप पांढरा. आईचं नाव आधी लिहायचं, हे तिला व्हर्लिननेच शिकवलं होतं.

“अकराला येतो तुझ्याकडे सुई टोचून घ्यायला,” व्हर्लिन म्हणाला. “रजाबिजा घेऊ नकोस. मागच्या खेपेला तू नव्हतीस तर त्या पोरीने मला तीनदा भोसकलं. दोन आठवडे हात वांग्यासारखा झाला होता. चर्चमध्ये सगळे विचारायचे, कोणाशी मारामारी केलीस म्हणून.”

लोईस घरात गेली आणि नळ सोडून कितीतरी वेळ हात धूत राहिली. आज व्हर्लिनची रक्त तपासायची तारीख आहे हे तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं.

लोईस फ्रीझन गावच्या हॉस्पिटलात एकोणतीस वर्षं रक्त काढत होती. दुसरं तिला काही येत नव्हतं आणि यावं असं कधी वाटलंही नव्हतं. नवरा दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या संसारात गेला होता, मुलगी डेन्व्हरला होती. पण गावातल्या निम्म्या लोकांच्या शिरा तिला तोंडपाठ होत्या. कोणाची डावीकडे वळते, कोणाची सुई बघून पळते. लोक दुकानात भेटले की आधी दंड पुढे करायचे आणि मग हसायचे. एका टोचण्यात काम, यासाठी तिचं नाव होतं. आणखी एक गोष्ट ती कटाक्षाने पाळायची. रक्ताच्या ट्यूबवरची चिठ्ठी माणसासमोर लिहायची. नाव विचारायचं, जन्मतारीख विचारायची, तो बोलला की लिहायची. आधी नाही, नंतर नाही, अंदाजाने तर नाहीच. एकोणतीस वर्षांत तिच्या हातून एकही चुकीची चिठ्ठी गेली नव्हती. आज सहा वाजता गेली, असं तिच्या मनात आलं आणि तिने ते झटकून टाकलं. झाडाची चिठ्ठी ती, तिच्यावर कोणाचं औषध ठरणार होतं?

सकाळचे पहिले सहा-सात जण निभावले. मनगट पेशंटच्या दंडावर टेकवायचं, सुई शिरेत गेली की डाव्या अंगठ्याने दाबून धरायची, अशा युक्त्या तिने उन्हाळ्यात जमवल्या होत्या. साडेनऊला एक तरणीताठी बाई आली. नळासारखी शीर. आणि लोईसची सुई बाजूला गेली.

“सॉरी हं. एकदाच अजून.”

“असू दे हो,” बाई म्हणाली. पण तिने तोंड वाकडं केलं होतं.

विभागप्रमुख ट्रीना पलीकडच्या खुर्चीवरून ओरडली, “लोईस चुकली? अगं बाई! थांबा, भिंतीवर तारीख लिहून ठेवते.”

सगळे हसले. लोईसही हसली, आणि डाव्या अंगठ्याने दाबून धरत तिने दुसऱ्यांदा टोचलं. ट्रीनाला तिनेच शिकवलं होतं. सुई कशी धरायची इथपासून. आता एक शब्द बाहेर पडला की ट्रीना काय करील ते तिला माहीत होतं, कारण तिच्या जागी तिनेही तेच केलं असतं.

घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून ती दर दोन मिनिटांनी बघत होती. पावणेअकरा. पोट दुखतंय म्हणून घरी जावं. व्हर्लिनला फोन करावा, उद्या या म्हणावं. पण तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होता, तपासणी पुढे ढकलणं बरं नव्हतं, आणि उद्या तरी हात कुठे शहाणा होणार होता.

अकराला पाच कमी असताना व्हर्लिन आला. डोक्यावरची टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली, बाही वर केली आणि हात पुढे केला. कातडी ओल्या कागदासारखी पातळ झाली होती.

“टोच बाई. माझं जेवण बारा वाजता असतं.”

“नाव?” लोईस म्हणाली.

“अगं, सकाळी तर भेटलो!”

“नाव सांगा.”

“व्हर्लिन श्टुकी. जन्मतारीखही सांगू? तुझ्या बापाच्याही आधीची आहे.”

तिने रबरी पट्टा आवळला. शीर बोटाखाली आली, निळी, घरंगळून पळणारी. व्हर्लिनने नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड फिरवलं. तिने सुईचं टोपण काढलं.

टोक हलत होतं. सकाळच्या कात्रीपेक्षा जास्त. लोईसने मनगट त्याच्या दंडावर टेकवलं, तरी हलत होतं. तिला इतकी भीती वाटली की क्षणभर खोलीतला आवाजच गेला. एकदा घुसवली की झालं, नशीब असेल तर लागेल. नाही लागली तर आत रक्त साचेल, त्याच्या गोळ्यांमुळे थांबणार नाही, आणि तो बिचारा चर्चमध्ये पुन्हा मारामारीची गंमत सांगेल, तिचं नाव न घेता. एरवी व्हर्लिनची टकळी थांबत नसे. आता नजर कॅलेंडरवर खिळलेली, आणि हात मात्र तसाच पुढे.

लोईसने पट्टा सोडला. न वापरलेली सुई तिने सुयांच्या डब्यात टाकली. डब्याचं झाकण खाडकन वाजलं.

“ट्रीना, जरा इकडे ये. व्हर्लिनचं तू घे.”

“मी? अगं, ते तुझ्याशिवाय कोणाला हात लावू देतात का?”

“माझा हात थरथरतो,” लोईस म्हणाली. तिला वाटलं होतं हे हळू आवाजात निघेल, पण सगळ्या खोलीला ऐकू गेलं. “मेपासून. सकाळी त्या बाईला दोनदा टोचलं ते त्यामुळेच.”

ट्रीना आली. हातमोजे घालताना तिने लोईसकडे एकदा बघितलं आणि लगेच नजर काढली, आणि ते लोईसला सगळ्यात जड गेलं. मग ट्रीना खाली बसली, बोटाने शीर चाचपली.

“डावीकडे पळते ती,” लोईस म्हणाली. “वरून अंगठ्याने ताणून धर. अजून. हां.”

रक्त आलं. एका टोचण्यात.

“आई गं,” व्हर्लिन उगाच म्हणाला.

ट्रीनाने त्याच्यासमोर नाव विचारून चिठ्ठी लिहिली. जखमेवर कापूस दाबायला लोईस वाकली. अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाला निदान पाच मिनिटं दाबून धरावं लागतं. तिने घट्ट दाबलं. दाबून धरलेला हात अजिबात हलत नव्हता. त्याच्याकडे बघता बघता तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत, कारण दुसऱ्या हाताने ती व्हर्लिनचं कोपर धरून होती.

“बारा वाजता माझ्याकडे ये,” ट्रीना हळूच म्हणाली. “दार लावून बोलू.”

बोलणं दहा मिनिटांत संपलं. डॉक्टर सोमवारी बघणार होते, तोवर सुईला हात लावायचा नाही. ट्रीना रडली, लोईसने तिला टिशू दिला.

दोन वाजता ती घरी आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. पर्स पायरीवर टाकून ती तशीच झाडाकडे गेली. कागदी पिशवी जागेवर होती. चिठ्ठी देठाला लोंबत होती, आई लाल, बाप पांढरा.

व्हर्लिन कुंपणाला टेकून उभा होता. हातावर पांढरी पट्टी.

“व्हर्लिन, सकाळी मी खोटं बोलले. हिचाच पराग हिच्यावर पडला. दोन ठिकाणी.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला इथून दिसलं?”

“छे! मला माझी चप्पल दिसत नाही. पण चाळीस वर्षं धान्याच्या कोठारावर वजनकाट्याला बसलो मी. ट्रकवाला खोटं वजन सांगताना त्याचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. ‘स्वच्छ’ म्हणालीस तेव्हा तुझा तसाच झाला होता. म्हटलं, हिच्या हाताचंच काहीतरी बिनसलंय.”

“आणि तरी अकराला आलात? हात पुढे केलात?”

व्हर्लिनने टोपी काढून पुन्हा घातली. “घाबरलो होतो ना. आयुष्यात कधी कॅलेंडर इतकं नीट वाचलं नव्हतं मी. पण मी दुसरीकडे जाऊन बसलो असतो, तर तुला हे खरं बोलून दाखवायला कोण उरलं असतं?”

लोईसला बापाचे मिटलेले डोळे दिसत होते. भीती कुठेही गेली नव्हती. सोमवारी डॉक्टर काय सांगतील, त्याच्या पुढच्या सोमवारी काय, हे सगळं होतं तिथेच होतं. तिने खिशातून नवी चिठ्ठी काढली आणि गुडघ्यावर ठेवून लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी आली, पण वाचता येत होती.

“काय लिहिलंस? वाच.”

“आई लाल. बाप नक्की नाही.”

“गावात निम्म्यांवर अशी चिठ्ठी लावायला हवी,” व्हर्लिन म्हणाला.

या वेळी ती हसली. जुनी चिठ्ठी सोडवून तिने नवीचा दोरा देठाभोवती घेतला. गाठ बसेना. दोरा दोनदा सुटला. तेव्हा व्हर्लिनने पट्टी बांधलेला हात कुंपणावरून अलीकडे घातला आणि दोऱ्याच्या पहिल्या वळणावर बोट दाबून धरलं. तिची गाठ पुरी बसेपर्यंत त्याने ते काढलं नाही.