पापुद्र्याखालचं तूप

रोशनी वजनकाट्यावरून खाली उतरली आणि लगेच पुन्हा चढली. आकडा तोच. काटा भिंतीजवळून उचलून तिने खोलीच्या मध्ये, जिथे फरशी सपाट होती तिथे ठेवला आणि पुन्हा चढली. तोच.

"किती येळा चढती-उतरती गं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "मशीन तरी दमंल."

"मशीन बिघडलंय का बघते."

"मग मला तोल. मी काय हलत नाय दहा वर्षं झाली."

रोशनीने पाच किलोची तांदळाची न फोडलेली पिशवी काट्यावर ठेवली. काट्याने पाच किलो दाखवले. म्हणजे काटा बरोबर होता.

वाल्मीक तिचा धाकटा भाऊ. दिंडोरीजवळ त्याची द्राक्षबाग होती. त्याच्याच शरीराने त्याच्या यकृतावर हल्ला केला होता आणि बराच काळ ते कुणाला कळलं नव्हतं. दारूचा थेंब न घेतलेला माणूस. पण वाइनरीला द्राक्षं देतो म्हटल्यावर गावाने काय समजायचं ते समजून घेतलं. आता औषधांनी भागत नव्हतं. जवळच्या कुणीतरी यकृताचा तुकडा द्यायचा, एवढाच रस्ता उरला होता. त्याच्या बायकोचा, सविताचा, रक्तगट जुळला नाही. आईचं वय बसलं नाही. रोशनीचं सगळं जुळलं, एक गोष्ट सोडून. तिच्या स्वतःच्या यकृतात चरबी साठली होती.

"अशा यकृताचा तुकडा काढला तर तुम्हालाही धोका आणि त्यांनाही," डॉक्टरीणबाई रोशनीला आणि आईला म्हणाल्या होत्या. "पण ही चरबी जाते. मनावर घेतलं तर लवकर जाते. उपास करायचे नाहीत, पावडरी आणि काढे घ्यायचे नाहीत. घरचंच जेवण, पण भाकरी अर्धी आणि भाजी दुप्पट. डाळ, अंडी, ताक चालेल. तेल अगदी थोडं, तूप-साखर बंद. आणि रोज बोलताना धाप लागेल इतकं भराभर चालायचं. महिन्याने पुन्हा स्कॅन करू."

"नाही गेली तर?"

"तर दुसरं यकृत मिळण्याची वाट बघायची. त्यांच्याकडे किती वेळ आहे, ते तुम्ही बघताच आहात."

रोशनी नाशिकमध्ये माती आणि पानदेठ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. शेतकरी द्राक्षाच्या पानांचे देठ पाठवायचे. ते वाळवून, दळून, तोलून त्यात पोटॅश किती, नत्र किती ते ती सांगायची. सांगितलेलं अचूक करण्याची तिला सवय होती. पहिल्या आठवड्यात तिने एकटीने सगळं पाळलं आणि वजन उतरलं. मग आई दिंडोरीहून कपड्यांची पिशवी घेऊन आली. "चालायचं का सैपाक करायचा? दोन्ही करून मरशील," म्हणाली आणि ओट्याचा ताबा घेतला. त्यानंतर वजन जागचं हललं नव्हतं. सुरुवातीला भराभर उतरतं आणि मग अडतं, असं रोशनीने वाचलं होतं. ती ते मनाशी घोकत राहिली.

पहाटे ती गोल्फ क्लबच्या मैदानावर जायची, संध्याकाळी प्रयोगशाळेतून परत तिथेच. सगळ्यांना मागे टाकून चालायची. बाकावर बसणाऱ्या एका आजोबांनी तिला विचारलंच, "लग्न ठरलंय वाटतं?" ती हसली नाही. थांबलीही नाही. थांबलं की विचार सुरू व्हायचे. चालतानाही व्हायचे, पण तेव्हा ते श्वासाबरोबर तुटायचे.

एका विचारापासून तिला विशेष पळायचं होतं. आकडा हलला नाही की तिच्या छातीतलं काहीतरी सैल व्हायचं. क्षणभरच. आपण सुटलो, असं. मग तिला आपल्याच अंगाचा संशय यायचा. चरबी शरीर सोडत नाही, की आपणच सोडू देत नाही? ती दुपारी चहाला नको म्हणायची आणि नंतर बराच वेळ आठवत बसायची, आपण चुकून काही तोंडात टाकलं का.

रविवारी ती वाल्मीकला भेटायला गेली. तो आणि सविता दवाखान्याजवळ खोली घेऊन राहत होते. त्याचं पोट पाण्याने फुगलं होतं, हातपाय काडीसारखे झाले होते, डोळे पिवळे.

"ताई, तुला वजन कमी करायला सांगितलंय की राखायला?" तो म्हणाला.

"तू आधी स्वतःचं पोट बघ."

"माझं पाण्याचं आहे. सुई लावली की उतरतं. तुझं काय?"

सविता हसली आणि लगेच आत गेली. वाल्मीकने आवाज खाली आणला. "हे बघ, नाही झालं तर नाही. मनाला लावून घेऊ नको. तुझ्यावर राग नाही आपला."

यापेक्षा तो चिडला असता तर बरं, असं तिला वाटलं. परतताना ती रिक्षात बसली नाही. घरापर्यंत चालत आली, आणि जिन्यानेही दोनदा वर-खाली केलं.

स्कॅनला आठवडा राहिला होता. प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला. अर्धी बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, उकडलेलं अंडं. डब्याच्या झाकणात भाजीचं पाणी उतरलं होतं म्हणून तिने भाकरी कपाटातल्या गाळणकागदावर काढून ठेवली. तेवढ्यात फोन आला. ती बोलून परत आली तर शेजारच्या टेबलावरची आफिया कागदाकडे बघत होती.

"डाएट आहे ना तुझं?" आफिया म्हणाली.

"का?"

"भाकरी बघ. घाम आलाय तिला."

रोशनीने भाकरी उचलली. खाली कागदावर वाटोळा डाग पडला होता. पाण्याचा असेल म्हणून तिने कागद वाळवायच्या भट्टीत ठेवला. देठ वाळवायची भट्टी. पाणी असतं तर उडून गेलं असतं. बाहेर काढला तेव्हा कागद कोरडा कुरकुरीत होता आणि डाग तसाच होता. उजेडासमोर धरला. डागातून खिडकी दिसत होती.

तिने भाकरीचा वरचा पापुद्रा नखाने उचलला. आत, कडेकडेने, पिवळसर तूप जिरलेलं होतं. पापुद्रा वर परत नीट दाबून बसवलेला.

आईच्या हातची भाकरी मऊच लागते, असं तिला इतके दिवस वाटत होतं.

सुट्टी टाकून ती घरी निघाली. आई ओट्याशी लसूण सोलत होती. रोशनीने कागद तिच्यासमोर ठेवला.

आईने हात पुसले. कागद उचलून पाहिला. "डाग हाय."

"कशाचा?"

आईने कागद उलटा करून ओट्यावर ठेवला.

"आई, रोज घालतेस?"

"थोडंसंच. चमचाभर."

"आणि सकाळच्या नाचणीत?"

"त्यात तूप नाय." तिने पुन्हा लसूण हातात घेतला. "डिंकाचा लाडू. अर्धा. कुस्करून."

"मी खजूर समजत होते."

"खजूर बी हाय त्यात."

रोशनी उभी होती ती खोलीत फिरायला लागली. दारापर्यंत, परत ओट्यापर्यंत. "डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. तू मान हलवलीस."

"त्यांचं काय जातंय. बाळंतपणाला पोर माहेरी आली तर आधीपासून चारतात तिला. तवा कुठं अंगात ताकद राहती. तुला तर कापणार हायेत. उपाशी पोरीला चाकूखाली कोण नेतं?"

"मी उपाशी नाहीये."

"अर्ध्या भाकरीवर जगती. दिसतंय मला."

रोशनी थांबली. काय सांगावं याचा तिने विचार केला. टक्केवारी सांगून उपयोग नव्हता.

"आई, आपल्या घरी ती एक कोंबडी होती. खुराड्यात बसून खायची, अंडी बंद झालेली. ती कापली तेव्हा तिची कलेजी कशी होती, आठवतं?"

"पिवळी. लोण्यासारखी. बोट लावलं की तुटायची."

"आणि हिंडणाऱ्या कोंबडीची?"

"लाल. घट्ट." असं म्हणून आई थांबली.

"माझी पिवळी आहे," रोशनी म्हणाली. "तीच वाल्मीकला लावायची आहे. आणि जी उरेल तिच्यावर मला जगायचं आहे."

आई पाटावर बसली. सोललेल्या लसणाच्या पाकळ्या तिने उगाच एका बाजूला गोळा केल्या. मग पुन्हा पसरल्या.

"वजन हलत नाय म्हणायचीस ना," ती म्हणाली, "त्या रात्री मला झोप लागायची."

रोशनीला वाटलं होतं, आपण रागावू. राग तयारच होता.

"सकाळी वाल्मीकचा फोन आला की लाज वाटायची मग. पण झोप लागायची, हे खरं. मला दोन पोरं हायेत. सगळे एकाचंच बोलतात."

बाहेर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. तोच तोच आवाज येत होता. रोशनी आईसमोर खाली बसली.

"मलाही लागायची," ती म्हणाली.

आईने तिच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रोशनी डॉक्टरीणबाईंना भेटली आणि घडलं ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. वाल्मीकच्या तपासण्यांचा कागद पुढे ओढून वाचला आणि म्हणाल्या, "स्कॅन पुढे ढकलून दोन आठवडे जास्त देते. त्यापुढे माझा शब्द नाही."

घरात भाकरी कोरडी झाली. पहिल्या दिवशी आईने ती ताटात वाढली, पापुद्रा स्वतःच उचलून दाखवला आणि म्हणाली, "बघून घे." स्वतःच्या ताटातही तिने तूप घेतलं नाही. तुपाची बरणी सविताकडे गेली, डिंकाचे लाडू शेजाऱ्यांकडे.

आणि ती मैदानावर यायला लागली. पदर खोचून, चपला घालूनच. रोशनीच्या वेगाने तिला चालता येणं शक्य नव्हतं, म्हणून ती उलट्या दिशेने निघाली. रोशनी डावीकडून, आई उजवीकडून. प्रत्येक फेरीत दोघी समोरासमोर यायच्या.

"अशी उलटी का चालतेस? लोक अंगावर येतात," रोशनी म्हणाली.

"तुझ्या मागून आले तर पाठच दिसंल. असं आलं की तोंड दिसतं."

बाकावरच्या आजोबांनी एक दिवस आईला अडवलं. "मावशी, रस्ता चुकलात."

"तुम्ही बसल्या जागी चुकला नाय, हेच लय झालं," आई म्हणाली आणि पुढे गेली.

वजन हलायला लागलं. आई आता काट्याकडे येऊन उभी राहायची आणि आकडा वाचता येत नसल्यासारखं "किती?" विचारायची. कमी म्हटलं की "हं" म्हणायची आणि वळायची. तिची झोप गेली होती. रोशनीचीही. दोघींना एकमेकींच्या कुशी बदलण्याचा आवाज यायचा. वाल्मीकला मध्ये एकदा दाखल करावं लागलं, पोटातलं पाणी काढून घरी पाठवलं. त्या दिवशी रोशनी मैदानावर इतकं भराभर चालली की शेवटी कुंपणाला धरून तिला ओकारी आली. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली. "बास," एवढंच म्हणाली.

स्कॅन झाला. डॉक्टरीणबाई पडद्यावर बराच वेळ बघत होत्या. रोशनीचा पाय खुर्चीखाली हलत होता. आईने गुडघ्यावर हात ठेवला तरी हलत राहिला.

"झालं," त्या म्हणाल्या. "पुरेशी गेली आहे. पुढच्या आठवड्यात करू."

छातीतलं काही सैल होतं का, याची रोशनीने वाट पाहिली. झालं नाही. तिथे फक्त भीती होती, सरळ साधी, आणि तिच्यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं.

"बाई," आईने विचारलं, "हिला घरी पाठवाल ना?"

"बहुतेक सगळे घरी जातात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मी ‘बहुतेक’ म्हणते, मावशी."

आईने मान हलवली. या वेळी सावकाश, ऐकून.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दोघी मैदानावर गेल्या. फाटकापाशी आईने पदर खोचला.

"उद्यापासून मी एकटीच," ती म्हणाली.

"सविताला घेऊन ये."

"तिला कुठं चालता येतं. रमतगमत जाती, भाजी घ्यायला निघाल्यासारखी." आई उजवीकडे वळली आणि मागे न बघता चालू लागली.

रोशनी डावीकडे निघाली. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला आईचं हिरवं लुगडं माणसांत दिसत नव्हतं. तिने वेग वाढवला. भराभर चाललं की आई लवकर समोर यायची.